अंक्लुंग : परंपरा आणि परिवर्तन

पश्चिम जावातील सुंदानी लोकांचे अंक्लुंग हे वेळूचे वाद्य युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक सूचीत घातले. तथापि शाळांतून व सभागृहांतून सामान्यतः ऐकू येणाऱ्या अंक्लुंगाची स्वररचना १९३८ सालची आहे. तेव्हा या वाद्याच्या बाबतीत 'परंपरा' कशास म्हणावयाचे, हा प्रश्न उपस्थित होतो.

प्रथम वाद्याची घडण पाहू. वेळूच्या चौकटीत दोन ते चार नळ्या वेताने बांधून टांगलेल्या असतात व त्या एकाच स्वराच्या निरनिराळ्या सप्तकांत लावलेल्या असतात. चौकट हलविली की नळ्यांचे पाय खालच्या आडव्या नळीतील खाचांवर आपटून नाद उमटतो. एका वाद्यातून एकच स्वर निघत असल्यामुळे एकट्या वादकास चाल वाजविता येत नाही. ती अनेकांनी मिळून, आपापली पाळी साधून, सिद्ध करावयाची असते.

या वाद्याचा जुना संबंध भातशेतीशी आहे. कानेकेस येथील बदुई लोक भाताच्या पेरणीच्या विधीत अंक्लुंग वाजवितात, आणि धान्यदेवता न्याइ पोहाची हिच्या उपासनेशी ते निगडित आहे. त्यांच्या संचातील प्रत्येक वाद्यास स्वतंत्र नाव असते. सर्वांत मोठ्याचे नाव 'इंडुंग', म्हणजे आई.

वाद्याच्या नावाची व्युत्पत्ती 'अंका' (स्वर) व 'लुंग' (तुटलेला) अशी सांगण्यात येते. ती लोकव्युत्पत्ती असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. 'अंका' हा शब्द संस्कृत 'अंक' याचेच रूप असून त्याचा रूढ अर्थ संख्या हा आहे. बदुई संचात वाद्ये ओळखली जातात ती नावांनी, अंकांनी नव्हे. आकड्यांची खूण वाद्यावर आली ती आधुनिक, शालेय अंक्लुंगात. उलट 'चालुंग' या दुसऱ्या सुंदानी वेणुवाद्याच्या नावातही तोच अंत्य नाद आढळतो. यावरून अंक्लुंग हे नाव ध्वन्यनुकरणात्मक मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

१९३८ साली दाएंग सुतिग्ना या शिक्षकाने पाश्चात्य स्वरसप्तकात लावलेले अंक्लुंग तयार केले. १९६६ साली त्यांचे शिष्य उजो न्गालागेना यांनी बांडुंग येथे वादन, शिक्षण व निर्मिती यांचे केंद्र स्थापिले, आणि १९६८ साली शासनाने संगीतशिक्षणाचे साधन म्हणून त्यास मान्यता दिली. स्लेन्द्रो व पेलोग या देशी स्वरावली येथे मागे पडल्या, ही हानी लहान नव्हे. परंतु असा बदल हा पहिलाच नव्हता. १९०८ च्या सुमारास जावातून सयामात गेलेले हेच वाद्य तेथील स्वरव्यवस्थेत लावले गेले होते.

तात्पर्य, स्वरावली बदलली, प्रसंग बदलला. पेरणीचे शेत जाऊन शाळेचे प्रांगण आले. बदलले नाही ते एकच : एका वाद्यास एक स्वर, आणि म्हणून अनेकांचा मेळ. अंक्लुंगाची परंपरा शोधावयाची ती या वादनपद्धतीत. मात्र या निष्कर्षाने बदुई संचाचे महत्त्व उणे होत नाही. स्वरावली, विधी आणि वाद्यांची नावे या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदतात. म्हणून वारशाच्या गौरवात शालेय वाद्याबरोबर या संचाचीही नोंद व जपणूक व्हावयास हवी.