पूर्वेचा रेम्ब्रां

एखाद्या कलावंतास थोर नांवाची उपमा दिली म्हणजे त्याचा गौरव होतो, अशी आपली समजूत आहे. परंतु पुष्कळदां त्या उपमेच्या छायेंत मूळ माणूसच दिसेनासा होतो. चित्रकार अंतोनियो झेवियर त्रिंदाद यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रां’ म्हणत. हें बिरुद कितपत यथार्थ होतें, आणि त्यानें त्यांचें हित झालें कीं अहित, एवढाच प्रश्न येथें विचारार्थ घेतला आहे.

त्रिंदाद यांचा जन्म १८७० सालीं गोव्यांतील सांगें येथें झाला. गोवें त्या काळीं पोर्तुगीज अमलाखालीं होतें. पण चित्रकला शिकण्यासाठीं त्यांना इंग्रजांच्या मुंबईस यावें लागलें. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ सालीं निघाली होती व जॉन ग्रिफिथ्स यांच्या कारकीर्दींत तिचा लौकिक वाढला होता. त्या शाळेंत त्रिंदाद शिकले आणि १८९८ पासून १९२६ पर्यंत तेथेंच त्यांनीं अध्यापन केलें. रावबहादुर धुरंधर हे त्यांचे तेथील सहकारी.

या शाळेच्या शिक्षणाचा पाया निरीक्षण हा होता. एखादें भांडें, चार फळें, वस्त्राची एखादी घडी समोर मांडावी, आणि एका बाजूनें येणारा उजेड तीवर कोठें थांबतो व कोठें विरतो हें डोळ्यांनीं शोधावें, असा तो अभ्यास. निर्जीव वस्तूंना चित्राचा स्वतंत्र विषय म्हणून जी प्रतिष्ठा लाभली, ती मुख्यतः सतराव्या शतकांतील हॉलंडमध्यें. हार्लेमचा पीटर क्लास याच्या १६२७ सालच्या एका चित्रांत मेजवानीच्या ताटांजवळ कागदाच्या पुडींत मिरीं दाखविलीं आहेत. मिरीं म्हणजे पूर्वेच्या व्यापाराचें धन. आणि त्याच शतकांत डचांची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यासही होती. तेव्हां ही कला आपणांस वाटते तितकी परकी नव्हे.

उजेड वाचण्याची ही विद्या त्रिंदाद यांनीं मनुष्याच्या मुखावर लाविली. गडद पार्श्वभूमींतून हळूहळू उमलणारा चेहरा, अर्धा प्रकाशांत व अर्धा सांवलींत, हें त्यांच्या तैलचित्रांचें वैशिष्ट्य. पत्नी फ्लोरेंतिना यांचीं त्यांनीं अनेक चित्रें काढलीं. ‘दोल्चे फार निएन्ते’, म्हणजे स्वस्थ बसण्यांतील गोडी, या चित्रास १९२० सालीं बाँबे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें. रेम्ब्रांशीं त्यांचें साम्य आहे तें येथें: घरच्या माणसांकडे पुनःपुन्हां पाहण्यांत, आणि सौंदर्यापेक्षां स्वभाव शोधण्यांत.

दुसरें साम्य दुर्दैवाचें. १६५६ सालीं रेम्ब्रांचें दिवाळें निघालें, तरी त्याचा कुंचला थांबला नाहीं. त्रिंदाद यांच्यावर घाला आला तो मधुमेहाच्या रूपानें. त्यांत त्यांचा एक पाय गेला, दृष्टीही अधू झाली. उजेडावर ज्याची सारी उपजीविका, त्याच्या डोळ्यांतूनच उजेड ओसरावा याहून कठोर थट्टा ती कोणती? तरीही ते चित्रें काढीत राहिले. १९३५ सालीं त्यांचें देहावसान झालें. कन्या अँजेला यांनीं पुढें चित्रकार म्हणून स्वतःची वाट काढली.

एवढें असून त्रिंदाद यांचें नांव विस्मृतींत कां गेलें? माझ्या मतें याचें कारण त्या बिरुदांतच आहे. बंगालमध्यें अवनींद्रनाथांनीं स्वदेशी शैलीचा पुरस्कार केल्यावर पाश्चात्त्य धर्तीचें तैलचित्र म्हणजे केवळ अनुकरण, असा समज दृढ होत गेला. ज्यास स्तुतीच्या वेळीं ‘रेम्ब्रां’ म्हटलें, त्यास निंदेच्या वेळीं नकलाकार ठरविणें सोपें होतें. शिवाय ते पोर्तुगीज प्रजाजन, धर्मानें ख्रिस्ती, आणि कर्मभूमि इंग्रजी मुंबई. त्यांना आपलें म्हणण्यास कोणी आग्रहानें पुढें आलें नाहीं.

परंतु खुद्द रेम्ब्रांनें काय केलें, तें पाहावें. उतारवयाकडे झुकतां झुकतां त्यानें मोगल लघुचित्रें समोर ठेवून त्यांवरून रेखाटनें केलीं. वीसाहून अधिक आजही उपलब्ध आहेत. शहाजहानाच्या दरबारच्या चित्रकारांपासून तो शिकला म्हणून त्यास कोणी ‘पश्चिमेचा मोगल’ म्हटलें नाहीं. तें शिकणें त्याच्या मोठेपणांत जमा झालें. मग हाच न्याय सांगेंच्या या चित्रकारास कां लावूं नये?

आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पणजी येथें फुंदासांव ओरिएंत या संस्थेंत आहे. अंधेरी-बोरिवलीच्या रसिकास, आयुष्य मुंबईंत वेंचिलेल्या या चित्रकाराची पुरी ओळख करून घेण्यासाठीं, रात्रभर प्रवास करून गोव्यास जावें लागतें. त्यानें तो प्रवास अवश्य करावा. मात्र चित्रांसमोर उभें राहतांना रेम्ब्रांचें नांव घटकाभर विसरावें.