दहा आणे आठ पै

कायगावला गोदावरी ओलांडून टोक्याला गेलं की राज्य बदले. अलीकडे आमचा गंगापूर तालुका निजामाच्या मुलखात, पलीकडे नेवासं इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात. नाणंही बदले. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. सरकारी दर होता शंभर कलदाराला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली.

हा आकडा विचित्र वाटतो, पण तो अगदी नेमका आहे. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, म्हणजे रुपयाच्या 192 पै. दहा आणे आठ पै म्हणजे 128, रुपयाचे बरोबर दोन तृतीयांश. सहा कलदार म्हणजे सात हाली, इतका सरळ हिशेब. 192 ला तीनाने भाग जातो, चारानेही जातो. तिसरा हिस्सा 64 पै, चौथा 48. बेरीज तोंडी होई. छेद समान करायचं काम त्या नाण्यानेच करून ठेवलं होतं. भावाभावांतल्या जमिनीचे हिस्सेही आणे-पैतच बोलले जात. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले, आणि तिसरा हिस्सा काही केल्या पुरा पडेना. दशमान पद्धत सोयीची, हे मला मान्य आहे. तरी पोरांच्या हातून अपूर्णांक तिथेच निसटला, असं मला मनापासून वाटतं.

खरं तर ही विद्या आमच्या शेजारचीच. कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगावाजवळ पाटण लागतं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाचा 1207 चा शिलालेख तिथे आहे. समच्छेदाची रीत 1150 च्या ‘लीलावती’त आहेच.

गंगापुरात शिकवताना मी फळ्यावर हे उदाहरण घालत असे. एकाने जवळच्या हाली रुपयांतला तिसरा हिस्सा बियाण्याला दिला, चौथा सावकाराला. उरलेले मोडून त्याला तीस कलदार मिळाले. तर मुळात किती होते?

आधी तीस कलदाराचे हाली करायचे : पस्तीस. मग
क्ष − क्ष/3 − क्ष/4 = 35.
तीन आणि चार यांचा लसावि बारा. छेद बारा केला की
(12क्ष − 4क्ष − 3क्ष)/12 = 35.
म्हणजे 5क्ष = 420, आणि क्ष = 84.

ताळा मी पोरांकडूनच करून घेई : 28 बियाण्याला, 21 सावकाराला, 35 उरले.