टर्बो केवढा हवा?

टर्बोचार्जर जेवढा मोठा तेवढी गाडी ताकदवान, हे मत हौशी मंडळींत जवळजवळ सिद्धांत म्हणूनच वावरते. त्यामागचा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे: ताकद इंधन जळण्यातून येते, जास्त इंधनाला जास्त हवा लागते आणि मोठा टर्बो जास्त हवा देतो. पहिली दोन विधाने मान्य. गफलत तिसऱ्यात आहे. मोठा टर्बो जास्त हवा देऊ शकतो, पण त्यासाठी इंजिनाला आधी त्याचे चाक फिरवण्याएवढा एक्झॉस्ट द्यावा लागतो.

चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा स्वतःच्या क्षमतेएवढी हवा ओढते. सिलिंडर 90 टक्के भरतात असे धरले, तर दोन लिटरचे इंजिन टर्बोविना 5000 आरपीएमला मिनिटाला सुमारे 5.3 किलो हवा घेते, 2000 आरपीएमला जेमतेम 2.1 किलो. रोजची गाडी या दुसऱ्या आकड्याच्या आसपासच चालते. एवढ्याशा प्रवाहावर मोठे चाक वेग घेत नाही. त्यातच, घडण तीच ठेवून चाकाचा व्यास 10 टक्के वाढवला, तर जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने, म्हणजे सुमारे 60 टक्क्यांनी वाढते. लॅगचे, म्हणजे पेडल दाबल्यावर ताकद उशिरा येण्याचे, मूळ इथे आहे.

इतिहासाची साक्षही हीच. 1973 ची बीएमडब्ल्यू 2002 टर्बो आणि 1977 ची साब 99 टर्बो, दोन्हींची इंजिने दोन लिटरची. बीएमडब्ल्यूची ताकद 170 अश्वशक्ती, साबची 145. कमाल टॉर्क मात्र जवळपास सारखाच. बीएमडब्ल्यूला तो 4000 आरपीएमला मिळे, साबला 3000 लाच. साबच्या अभियंत्यांनी मुद्दाम लहान टर्बो घेतला आणि जादा एक्झॉस्ट वेस्टगेटने वळवला. रस्त्यावर जाणवतो तो पिकअप त्यातून आला.

मग लहानात लहान टर्बो घ्यावा का? तेही नाही. एक्झॉस्टवर फिरणारे टर्बाइन लहान असले, तर ते वरच्या आरपीएमला एक्झॉस्टची वाट अडवते. हवा दाबणारा कॉम्प्रेसरही आपल्या कार्यक्षम पट्ट्याबाहेर जातो. 27 अंशांची हवा दुप्पट दाबली, तर 75 टक्के कार्यक्षमतेला ती सुमारे 115 अंशांवर जाते, 60 टक्क्यांना 137 वर. तापलेली हवा विरळ होते आणि नॉकिंगला, म्हणजे इंधन अवेळी पेटण्याला, निमंत्रण देते.

म्हणून टर्बोचे माप हे हिशेबाचे उत्तर असते. गाडी कुठल्या आरपीएममध्ये चालणार ते आधी ठरवावे, खालच्या आणि वरच्या टोकाला लागणारी हवा व दाब काढावा आणि ते बिंदू कॉम्प्रेसरच्या नकाशावर, म्हणजे हवा आणि दाबाच्या आलेखावर, मांडावेत. डावीकडे सर्जची रेषा, म्हणजे हवा उलटी फिरण्याची सीमा, उजवीकडे चोक, म्हणजे याहून जास्त हवा न जाण्याची सीमा. सतत वरच्या आरपीएमला पळणाऱ्या शर्यतीच्या गाडीला या हिशेबात मोठा टर्बोच योग्य ठरेल. रस्त्यावरच्या गाडीचे दोन्ही बिंदू एका नकाशात मावत नसतील, तर अपेक्षा कमी करावी किंवा व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे एक्झॉस्टची वाट कमी-जास्त करणारा, टर्बो पाहावा. गरजेपेक्षा मोठा टर्बो घेतला, तर सर्जची रेषा उजवीकडे सरकते आणि खालचा बिंदू आणखी बाहेर पडतो.