लुन्फार्दो : एका बदनाम बोलीची कुळकथा

पुस्तकातून स्पॅनिश शिकलेला माणूस ब्वेनोस आयरेसच्या रस्त्यावर उतरला की पहिल्याच दिवशी गडबडतो. पुस्तकात कामाला ‘त्राबाखो’ म्हणतात, इथे जो तो ‘लाबूरो’ला निघालेला. पोराला ‘पीबे’ म्हणतात, खाण्याला ‘मोर्फार’, बसला ‘बोंदी’ आणि पैशाला चक्क ‘गीता’. हे शब्द लुन्फार्दो नावाच्या बोलीतले. अर्जेंटिनाच्या या राजधानीत सुमारे दीडशे वर्षांपूर्वी ती आकाराला आली आणि तिची पहिली दखल घेतली गेली ती चोरांची भाषा म्हणून.

१८७८ मध्ये ‘ला प्रेन्सा’ या दैनिकात चोरांच्या बोलीवर एक लेख आला आणि त्यात काही शब्द अर्थासह दिले होते. पुढच्याच वर्षी पोलीस खात्यात काम केलेल्या बेनिग्नो लुगोनेसने ‘ला नासियोन’मध्ये याच विषयावर लिहिलं. १८९४ मध्ये आंतोनियो देलेपियाने या कायदेपंडिताने कोशच काढला. नाव : ‘गुन्ह्याची भाषा’. ‘लुन्फार्दो’ या शब्दाचा मूळ अर्थही चोर. तो ‘लोम्बार्दो’, म्हणजे इटलीतल्या लोंबार्दी प्रांताचा माणूस, यावरून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथल्या सावकारांची ख्याती काही बरी नव्हती.

शब्द गोळा करणारे पोलीस आणि वकील; त्यांना भेटणार कोण, तर आरोपी. म्हणून त्यांनी बोलीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. पण ती बोलणारे होते कोण?

१८६९ च्या जनगणनेत या शहराची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. १९१४ मध्ये ती पंधरा लाखांवर गेली आणि त्यातली जवळजवळ निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती. सगळ्यात जास्त इटालियन, त्यांच्या खालोखाल स्पॅनिश. १८७१ मध्ये पीतज्वराची साथ आली तेव्हा श्रीमंतांनी दक्षिणेकडचे वाडे सोडून उत्तर गाठली. त्या वाड्यांच्या खोल्या एकेका कुटुंबाला भाड्याने दिल्या गेल्या. अशा घराला म्हणत ‘कोन्वेंतियो’. मध्ये चौक, भोवती खोल्या, नळ आणि संडास सामाईक. आपल्या चाळीला जवळचं प्रकरण. जेनोव्हाचा हमाल, नापोलीचा फेरीवाला आणि गालिसियाची मोलकरीण एकाच नळावर पाणी भरत. एकमेकांची बोली पुरती कळत नसे, पण बोलल्याशिवाय भागतही नसे. लुन्फार्दो वाढली ती या चौकात.

शब्दांची कुळं पाहिली की हे स्पष्ट होतं. ‘लाबूरो’ इटालियन ‘लावोरो’वरून आला, अर्थ काम, मेहनत. ‘पीबे’ची मुळं जेनोव्हाच्या बोलीत सापडतात. ‘फियाका’ म्हणजे आळस, अंग मोडून येणारा कंटाळा. या शब्दाची कुळकथा कादंबरीकार रोबेर्तो आर्ल्तने १९२८ मध्ये ‘एल मुंदो’ दैनिकातल्या आपल्या सदरात सांगितली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हा अस्सल जेनोव्ही शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ पोटात अन्न नसल्याने अंगाला येणारी ग्लानी. शहर ज्याला आळस म्हणू लागलं, ती मुळात भूक होती.

‘बोंदी’चा प्रवास आणखी लांबचा. ब्राझीलमध्ये ट्रामला ‘बोंदे’ म्हणत, तो शब्द इंग्रजी ‘बॉन्ड’वरून आलेला. तिथून तो दक्षिणेला उतरला आणि ब्वेनोस आयरेसच्या ट्रामला चिकटला. १९६० च्या दशकात ट्राम बंद झाल्या. लोकांनी शब्द उचलून बसला दिला. ‘किलोम्बो’ तर आफ्रिकेतून आलेला, अंगोलातल्या किम्बुंदू भाषेतला. ब्राझीलमध्ये पळून गेलेल्या गुलामांच्या वस्तीचं ते नाव होतं. अर्जेंटिनात त्याचा अर्थ झाला कुंटणखाना, आणि आज सर्रास अर्थ आहे गोंधळ, सावळा गोंधळ. सुटका करून घेतलेल्या माणसांच्या गावाचं नाव असं घसरत गेलं, यात त्या माणसांकडे बघणाऱ्यांची नजर दिसते.

या बोलीत एक खेळही आहे, ‘वेस्रे’. ‘रेवेस’ म्हणजे उलट. त्याचीच अक्षरं उलटवली की ‘वेस्रे’. ‘तांगो’चं ‘गोतान’, ‘काफे’चं ‘फेका’, ‘पित्सा’चं ‘सापी’. मित्र ‘आमिगो’, मागून वाचा, ‘गोमिआ’. उलटलेल्या शब्दाचा अर्थ मात्र दरवेळी तोच राहत नाही. ‘मुखेर’ म्हणजे कुठलीही बाई, पण ‘खेर्मू’ म्हणजे बायको.

चौकातून ही बोली रंगमंचावर गेली आणि तिथून गाण्यात. पास्क्वाल कोन्तुर्सीने लिहिलेलं ‘मी नोचे त्रिस्ते’ १९१७ मध्ये कार्लोस गार्देलने ध्वनिमुद्रित केलं आणि टँगोच्या शब्दांत लुन्फार्दो पक्की बसली. प्रतिष्ठितांना ते रुचलं नाही. १९४३ मध्ये लष्करी सरकार आलं आणि रेडिओवर या शब्दांना मज्जाव झाला. गाजलेल्या गाण्यांचे बोल ‘शुद्ध’ करून गावे लागले. १९४९ मध्ये गीतकार-संगीतकारांचं शिष्टमंडळ राष्ट्राध्यक्ष पेरोन यांना भेटलं. तेव्हा पेरोननी नाटककार बाकारेसांना विचारलं की परवा बोंदीत तुमचा खिसा कापला म्हणे, आणि तेही अस्सल लुन्फार्दोत, असा किस्सा सांगतात. त्यानंतर बंधनं सैल झाली.

१९५३ मध्ये होसे गोबेयो यांचं ‘लुन्फार्दिया’ आलं आणि १९६२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह लुन्फार्दोची स्वतंत्र अकादमी स्थापन केली. आधी दोषारोपासाठी टिपलेले शब्द आता अभ्यासासाठी टिपले जाऊ लागले.

आज पुण्या-मुंबईत कितीतरी मुलं स्पॅनिश शिकतात, आणि मालिका-गाण्यांतून असे शब्द त्यांच्या कानावर पडतात. ते जरूर उचलावेत. नोकरीच्या अर्जात ‘त्राबाखो’ लिहावं आणि मित्राशी बोलताना ‘लाबूरो’ म्हणावं, एवढं तारतम्य पुरे. पण शब्दाबरोबर त्याचं कूळही शिकावं. चोरांची म्हणून हिणवलेल्या या बोलीने काम, पोर, भूक आणि प्रवास यांना नावं दिली. ही कष्टकऱ्यांच्या दिवसाची नावं आहेत, आणि तिला गुन्ह्याची भाषा म्हणणाऱ्या कोशाला उत्तर द्यायला ती पुरेशी आहेत.