मधुमेह, श्वान व मार्जारांतील

मधुमेह, श्वान व मार्जारांतील : इन्सुलिन या संप्रेरकाची निर्मिती अपुरी पडल्याने किंवा शरीरातील ऊती त्याला पुरेसा प्रतिसाद देत नसल्याने रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण सतत वाढलेले राहणारा चयापचयाचा दीर्घकालीन विकार. इन्सुलिन हे स्वादुपिंडातील बीटा कोशिकांत तयार होते आणि ग्लुकोजला स्नायू व मेदाच्या कोशिकांत प्रवेश मिळवून देते. त्याच्या अभावी रक्तात साखर साचते, पण कोशिका उपाशी राहतात, म्हणून पोटभर खाणारे जनावरही खंगत जाते.

इतिहास : या विकाराच्या ज्ञानात कुत्र्याचा वाटा मोठा आहे. स्ट्रासबर्ग येथे १८८९ मध्ये योझेफ फोन मेरिंग व ओस्कार मिंकोव्हस्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले असता त्याला मधुमेह जडला आणि रोगाचे मूळ या ग्रंथीत असल्याचे स्पष्ट झाले. पुढे १९२१ मध्ये टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी मधुमेही कुत्र्यांवर स्वादुपिंडाचा अर्क वापरून त्यांची रक्तशर्करा उतरवून दाखवली आणि १९२२ च्या जानेवारीत तो अर्क पहिल्यांदा माणसाला देण्यात आला.

प्रकार व कारणे : कुत्र्यात बहुधा बीटा कोशिकाच नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे त्याला आयुष्यभर इन्सुलिन टोचावे लागते. स्वादुपिंडदाह, कॉर्टिसोलचे प्रमाण वाढवणारा कुशिंग विकार आणि खाजेसाठी दीर्घकाळ दिलेली स्टेरॉइड औषधे ही त्याची पूरक कारणे होत. नसबंदी न झालेल्या कुत्रीत माजानंतरच्या काळात प्रोजेस्टेरॉनच्या प्रभावाने स्तनग्रंथींतून वृद्धी संप्रेरक स्रवते व ते इन्सुलिनला विरोध करते, म्हणून अशा मादीचे गर्भाशय व अंडाशय काढणे हा उपचाराचाच भाग ठरतो. मांजरातील विकार माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाशी जुळतो : लठ्ठपणा, बैठे जीवन व वाढते वय यांमुळे ऊती इन्सुलिनला दाद देईनाशा होतात आणि बीटा कोशिका थकत जातात. निदान व उपचार लवकर झाल्यास काही मांजरांचे इन्सुलिन पुढे पूर्ण थांबवता येते.

लक्षणे : वारंवार व भरपूर लघवी, न भागणारी तहान, वाढलेली भूक आणि तरीही घटणारे वजन ही चार मुख्य लक्षणे आहेत. रक्तशर्करा कुत्र्यात दर १०० मिलि. रक्तामागे सुमारे १८० ते २२० मिग्रॅ.च्या आणि मांजरात सुमारे २७० मिग्रॅ.च्या वर गेली की मूत्रपिंडे ती अडवू शकत नाहीत. ती लघवीत उतरते व आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, आणि लघवीच्या जागी मुंग्या जमू लागतात. कुत्र्याच्या नेत्रभिंगात शर्करेपासून बनणारे सॉर्बिटॉल साचल्याने मोतीबिंदू होऊन काही महिन्यांत अंधत्व येऊ शकते. मांजरात मोतीबिंदू विरळ असतो, पण मागच्या पायांच्या चेता दुर्बळ होऊन ते टाच टेकवून चालू लागते.

निदान : लक्षणांसोबत रक्तात व लघवीत दोन्हीकडे साखर आढळल्यास निदान होते. मांजराची रक्तशर्करा दवाखान्यातील भीतीनेही वाढते, म्हणून मागील दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामीन तपासणी उपयोगी पडते.

उपचार : इन्सुलिन सामान्यतः दर १२ तासांनी, खाण्याच्या वेळेशी जोडून, कातडीखाली टोचतात. आरंभीची मात्रा कुत्र्यात दर किलो वजनामागे ०.२५ ते ०.५ एकक आणि मांजरात एका वेळी १ ते २ एकक असते, मात्र ती ठरवणे व बदलणे हे पशुवैद्याचेच काम आहे. भारतात कुपीतील मानवी इन्सुलिन बहुधा दर मिलि. ४० एककांचे, तर पेनमधील १०० एककांचे असते. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी व नारिंगी टोपणाची १०० साठी असून, १०० एककांचे औषध ४० च्या सिरिंजने भरल्यास अडीचपट मात्रा जाऊन जीव धोक्यात येतो. मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिन व व्हेलाग्लिफ्लोझिन ही तोंडावाटे देण्याची औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२२ व २०२३ मध्ये मान्य झाली आहेत. कुत्र्यात मात्र गोळ्या इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाहीत.

आहार : कुत्र्याला रोज तेच, तेवढेच, तंतुयुक्त अन्न ठरल्या वेळी द्यावे. मांजर मांसाहारी असल्याने त्याला भरपूर प्रथिनांचे व कमी पिष्टाचे अन्न मानवते, दूध-भात नव्हे. घरातील मधुमेही माणसासाठी आणलेल्या ‘शुगर-फ्री’ पदार्थांत झायलिटॉल असू शकते व ते कुत्र्याला विषारी असते.

आणीबाणी : मात्रा जास्त झाल्यास किंवा इन्सुलिन देऊनही जनावर न जेवल्यास रक्तशर्करा घसरते. तेव्हा लडखडणे, थरथर व झटके ही चिन्हे दिसताच हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी चोळून तातडीने दवाखाना गाठावा. बेशुद्ध जनावराच्या तोंडात काहीही ओतू नये. उलट, इन्सुलिन फार काळ कमी पडल्यास शरीर मेद जाळते, कीटोन नावाची आम्ले साचतात आणि उलट्या, सुस्ती व श्वासाला गोडसर वास ही लक्षणे दिसतात. ही अवस्था दवाखान्यात शिरेवाटे द्रव देऊनच आटोक्यात येते.

यवतमाळ जिल्ह्यातील व्यवस्थापन : मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या या जिल्ह्यातील उन्हात कुत्र्याची वाढलेली तहान साहजिक वाटते आणि रोग झाकला जातो, म्हणून पाण्याबरोबर लघवीही वाढली आहे का आणि वजन घटत आहे का, हे पाहणे येथे अधिक गरजेचे आहे. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. वीज दीर्घकाळ गेल्यास किंवा फ्रिज नसल्यास वापरातील कुपी डब्यात बंद करून ओल्या मातीच्या माठात सावलीला ठेवल्याने उष्णतेची झळ कमी होते. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे शेतावर जाणाऱ्या कुटुंबाने दोन्ही इंजेक्शनांच्या वेळा शेताला निघण्यापूर्वी व परतल्यावर अशा जुळवाव्यात. ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्यांचा मुख्य भार गाई-बैल व शेळ्यांचा असल्याने गुंतागुंतीच्या तपासण्यांसाठी महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या नागपूर येथील महाविद्यालयाकडे किंवा अकोला येथील पदव्युत्तर संस्थेकडे जावे लागू शकते. पुसद-उमरखेड भागाला परभणीचे महाविद्यालयही सोयीचे पडते. प्रत्येक फेरी लांबची असल्याने पाणी, भूक, वजन व मात्रा यांची रोजची नोंदवही ठेवणे आणि कानाच्या पाळीतून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजण्यास पशुवैद्याकडून शिकून घेणे हितावह ठरते.

फलश्रुती : नियमित उपचार मिळालेले मधुमेही कुत्रे किंवा मांजर अनेक वर्षे चांगले जगू शकते. औषधाइतकेच हे यश घरातील माणसांच्या वेळ पाळण्यावर अवलंबून असते, म्हणून निदानाच्या दिवशीच घरातील किमान दोघांना इंजेक्शन देण्यास शिकवणे हा उपचाराचा आवश्यक भाग समजला पाहिजे.