लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय? मोठेपणी झडप तपासायला विसरू नका

ओठ-नखं निळी पडणारं, चार पावलं चाललं की उकिडवं बसणारं बाळ. या आजाराला डॉक्टर ‘टीओएफ’ म्हणतात. अशा मुलांना ऑपरेशनसाठी मुंबईला परळला नेणारी घरं आपल्याकडे आहेत. महापालिकेचं केईएम (१९२६) आणि मुलांचं वाडिया रुग्णालय (१९२९) ही दोन्ही परळलाच. ऑपरेशननंतर मूल खेळू लागतं, शाळेत जातं आणि मग तपासणी सुटते. घोळ इथेच होतो.

नेमकं काय बिघडतं?
हृदयातून फुप्फुसाकडे रक्त जातं, त्या वाटेवर एक झडप असते. ऑपरेशनमध्ये अरुंद वाट मोठी करताना बऱ्याचदा ही झडप निकामी होते. पुढे गेलेलं रक्त थोडं मागे येतं. हृदयाचा उजवा कप्पा वर्षानुवर्षं ताणला जातो. पेशंटला बराच काळ काहीच जाणवत नाही. दम लागणं, छातीत धडधड, चक्कर सुरू होईपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

पुन्हा छाती उघडावी लागते का?
दरवेळी नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि जाळीत बसवलेली, जनावराच्या ऊतीपासून केलेली झडप तिथे उघडतात. जगात पहिल्यांदा हे सन २००० मध्ये पॅरिसला डॉ. फिलिप बोनहोफर यांनी केलं. आता भारतातही होतं. मात्र वाट फार रुंद असेल किंवा हृदयाची रक्तवाहिनी दाबली जाण्याची भीती असेल, तर ऑपरेशनच करावं लागतं. ही झडपही कायमची नसते. ती झिजली तर बऱ्याचदा तिच्या आतच नवी बसवता येते.

काय कराल?
• त्रास नसला तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत टूडी इको करा. गरज असल्यास एमआरआय सांगतात.
• ऑपरेशनची जुनी फाईल जपा. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.
• दात रोज स्वच्छ ठेवा. दात काढण्याआधी हृदयाचं ऑपरेशन झाल्याचं सांगा. झडपेला जंतुसंसर्ग होऊ शकतो.
• मुलगी असेल तर लपवू नका. गरोदरपणाआधी हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.
• झडप महाग असते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.
• मूल १८ वर्षांच्या आतलं असेल, तर शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसके पथकाला दाखवा.