सारिका, पडदा आणि पट्टी : बेस गिटारवरील स्वराभ्यासाची पूर्वपीठिका

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील एका गावी हळदीच्या रात्री प्रस्तुत लेखकाने पाहिलेला एक साधा प्रसंग या लेखाचे निमित्त होय. वाद्यपथकात बेंजो, कीबोर्ड, ढोलकी आणि बेस गिटार अशी वाद्ये होती. तालमी पांढरी पाचमध्ये झाल्या होत्या. आयत्या वेळी गायिकेने पट्टी अर्ध्या स्वराने चढवून काळी चार मागितली. कीबोर्डवाल्याने एक कळ दाबून आपली सोय करून घेतली. बेस गिटार वाजविणारा शहापूरकडील तरुण मात्र थांबला. त्याने काही काळ एकाच तारेवर चाचपडून पाहिले आणि दोन गाण्यांनंतर वाद्य बाजूला ठेवले. त्या रात्रीच्या बिदागीतील त्याचा वाटाही कमी झाला. बोटे पाठ होती, सूर पाठ नव्हते, असे त्याने नंतर सांगितले.

त्याच्या या सांगण्यात एक ऐतिहासिक प्रश्न दडलेला आहे. तंतुवाद्य शिकणाऱ्यास आरोह-अवरोह आणि अलंकार घोटावयास लावतात ते कशासाठी? बोटांना वेग यावा म्हणून, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते अपुरे आहे. दांडीवरील प्रत्येक स्थानास नाव देणे आणि त्या नावाने ते स्थान ओळखणे, हे या अभ्यासाचे मूळ प्रयोजन होय, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी सारिका, पडदा आणि पट्टी या तीन शब्दांचा मागोवा घेणे उपयुक्त ठरेल.

१

सारिका हा संस्कृत शब्द ‘सृ’ म्हणजे सरकणे या धातूशी जोडला जातो. ज्या उंचवट्यावर तार दाबली असता तिची कंप पावणारी लांबी कमी होते, तो उंचवटा म्हणजे सारिका. तिचे सविस्तर वर्णन महाराष्ट्राच्याच भूमीत रचल्या गेलेल्या एका ग्रंथात सापडते. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्याच्या वाद्याध्यायात किन्नरी वीणेचे वर्णन असून लघु किन्नरीस चौदा सारिका सांगितल्या आहेत. त्या मेणाच्या मिश्रणाने दांडीवर बसवावयाच्या असत. पुढे १२६५ च्या सुमारास महादेव यादवाने ठाण्याच्या शिलाहारांचा पाडाव केला आणि उत्तर कोकण देवगिरीच्या सत्तेखाली आले. आजचे शहापूर व मुरबाड याच प्रदेशात मोडतात.

याच ग्रंथाच्या स्वराध्यायात त्रेसष्ट अलंकार दिलेले आहेत. स्थायी, आरोही, अवरोही आणि संचारी या वर्णांनुसार त्यांची मांडणी आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास त्याहून लक्षणीय वाटतो तो प्रस्तारविचार. सात स्वर पुनरुक्ती न करता किती क्रमांनी मांडता येतील, याचे उत्तर शार्ङ्गदेव ५०४० असे देतो. तो तेवढ्यावर थांबत नाही. क्रमांक दिला असता स्वरांचा क्रम शोधून काढणे हे नष्ट, आणि क्रम दिला असता त्याचा क्रमांक सांगणे हे उद्दिष्ट. या दोन्ही रीती तो खंडमेरू नावाच्या कोष्टकाच्या साहाय्याने शिकवितो. छंदःशास्त्रातील लघु-गुरूंच्या प्रस्ताराशी या पद्धतीचे नाते उघड आहे. आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, स्वरक्रमाकडे केवळ घोकावयाची ओळ म्हणून न पाहता, जिच्यातील प्रत्येक घर नावाने सांगता आले पाहिजे अशी सारणी म्हणून पाहण्याची दृष्टी येथे सिद्ध झालेली आहे.

२

दुसरा शब्द पडदा. तो फारसीतून आला. फारसीत ‘पर्दा’ म्हणजे आच्छादन, तसेच वाद्याच्या दांडीवर बांधलेला बंध, आणि त्यावरून विशिष्ट स्वर वा स्वरावली. बोट ठेवण्याच्या जागेचे नावच स्वराचे नाव झाले, हे या अर्थविस्तारात स्पष्ट दिसते. सतारीबरोबर हा शब्द मराठीत स्थिरावला. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फरीदसाहेबांच्या परंपरेने सतारी घडविल्या जात आहेत. तेथील सतार आणि तानपुरा यांस २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्याने सरकविता येतात. रागाच्या गरजेनुसार ते वर-खाली करणे हाही विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भाग असतो.

पडदा नेमका कोठे बसवावा, याचे गणित सतराव्या शतकात अहोबलाने ‘संगीतपारिजात’ या ग्रंथात तारेच्या लांबीवरून मांडले. छत्तीस इंच लांबीची मोकळी तार षड्ज धरली, तर अठरा इंचांवर तार षड्ज, सत्तावीस इंचांवर मध्यम आणि चोवीस इंचांवर पंचम येतो. युरोपात १५८१ साली व्हिन्चेन्झो गालिलेई याने ल्यूट या वाद्यासाठी निराळा नियम सांगितला होता. उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बसवावा, असा तो नियम. अहोबल एकेका स्वराचे दुसऱ्या स्वराशी असलेले नाते मोजतो, तर गालिलेई सर्व अंतरे एकाच मापाने कापतो. आजच्या गिटारचा वंश या दुसऱ्या पद्धतीचा आहे.

३

तिसरा शब्द पट्टी. पेटीवाल्यास ‘तुमची पट्टी कोणती?’ असे विचारले असता ‘काळी चार’ किंवा ‘पांढरी पाच’ असे उत्तर मिळते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास हाताने भाता हलवावयाची पेटी घडविली. पुढे कीर्तन, भजन, नाटक आणि तमाशा यांत पेटी इतकी रुळली की, लाकडाच्या पट्टीचे नाव हेच स्वराच्या उंचीचे नाव बनले. फारसी ‘पर्दा’ शब्दाच्या बाबतीत जे घडले, तेच येथे पुन्हा घडले.

शहापूर-मुरबाडकडील वाद्यांकडे या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. वारकऱ्यांच्या खांद्यावरील वीणा केवळ आधारस्वर देते. तिच्यावर स्वरस्थाने शोधावयाची नसतात. किन्नरी या नावाशी जिचे नाते जोडले जाते ती किंगरी आज गजाने वाजविण्याचे वाद्य आहे आणि तिला सारिका नाहीत. बेंजोची कथा तर अधिक बोधप्रद आहे. जपानमधील नागोया येथे मोरिता गोरो याने १९१२ साली ताइशोगोतो हे वाद्य तयार केले. तेच भारतात बुलबुल तरंग झाले आणि महाराष्ट्राच्या वाद्यपथकांत, विजेवर चालणाऱ्या रूपात, बेंजो या नावाने रूढ झाले. त्याच्या तारांखाली फ्रेट आहेत. मात्र ते टंकलेखन यंत्रासारख्या कळांखाली झाकलेले आहेत. वादक कळ दाबतो, कळ तार दाबते. अशा रीतीने नाव राहिले आणि सारिका गेली, किंवा सारिका राहिली आणि दृष्टीआड झाली.

याचा परिणाम असा की, पेटी, कीबोर्ड किंवा बेंजो ऐकत-पाहत वाढलेल्या मुलाच्या मनात प्रत्येक स्वराचे घर एकच असते. सतारीवरही मुख्य वादन बहुतांशी एका बाज तारेवर चालत असल्याने स्वरांची रांग एकेरीच राहते. बेस गिटार हाती आली की ही समजूत कोसळते.

४

बेस गिटारच्या पूर्वी वाद्यवृंदात खर्जाचे काम डबल बास करीत असे. ते उभे, अवजड आणि फ्रेट नसलेले वाद्य होते. सिएटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३० नंतरच्या दशकात विजेवर चालणारी, फ्रेट असलेली बेस गिटार तयार केली होती. तथापि १९५१ साली लिओ फेंडर यांनी बाजारात आणलेले वाद्यच प्रमाणभूत ठरले. त्याचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता. फ्रेटमुळे स्वर नेमका लागतो, हा त्या नावातील दावा होता. मुंबईच्या चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांची बेस गिटार विशेष गाजली. या सृष्टीत गोमंतकीय वादकांचा भरणा मोठा होता. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांत मुलांकडून ‘दो-रे-मी’ या नावांनी स्वर म्हणवून घेण्याची, म्हणजे सोल्फेजची, परंपरा होती. आपले अलंकार आणि त्यांचा सोल्फेज यांत एक समान तत्त्व आहे : स्वर वाजविण्यापूर्वी त्याचे नाव उच्चारावयाचे.

आता वाद्याचे गणित पाहू. बेस गिटारला चार तारा असतात. त्या खालच्या स्वराकडून वर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच अशा जुळविलेल्या असतात. प्रत्येक तार आधीच्या तारेचा मध्यम असते. आपल्या परिभाषेत हा षड्ज-मध्यम भाव होय. मूळ नमुन्याप्रमाणे वीस फ्रेट धरल्यास मोकळ्या तारांसह एकूण ८४ स्थाने होतात. परंतु त्यांवर निघणारे वेगवेगळे स्वर ३६ च, म्हणजे बरोबर तीन सप्तके. मोकळ्या चौथ्या तारेचा स्वर तिसऱ्या तारेच्या पाचव्या, दुसऱ्या तारेच्या दहाव्या आणि पहिल्या तारेच्या पंधराव्या फ्रेटवरही मिळतो. भाषेत ज्याप्रमाणे एका अर्थास अनेक पर्याय असतात आणि प्रसंग पाहून त्यांतून निवड करावी लागते, तशीच ही स्थिती आहे.

मुरबाडच्या त्या तरुणाची अडचण आता स्पष्ट होईल. पांढरी पाच हा षड्ज धरून बिलावलाचे सात स्वर घेतले, तर चारही मोकळ्या तारा त्यांत बसतात. त्याने बसविलेली बोटे या मोकळ्या तारांच्या आधाराने चालत होती. काळी चार षड्ज होताच त्या चारांपैकी केवळ एक तार उपयोगी राहिली. त्याने पाठ केलेली आकृती मोडली, आणि आकृतीपलीकडे त्याच्यापाशी नाव नव्हते. षड्जापासून पंचम पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर, तार षड्ज त्याच्याही पुढच्या तारेवर दोन फ्रेट वर, हे संबंध सरगमच्या नावांनी मनात ठसले असते, तर हात एक फ्रेट पुढे सरकवून त्याला निभावता आले असते.

म्हणून या वाद्यावर अलंकार घोटताना क्रम महत्त्वाचा ठरतो. ‘सारेग, रेगम, गमप’ हा अलंकार प्रथम एकाच तारेवर म्हणत वाजवावा. त्याने अंतरे कळतात. नंतर मोकळी तार वर्ज्य करून तोच अलंकार चार तारांवर एका जागी वाजवावा. त्याने तारांचे परस्परसंबंध कळतात. शेवटी तोच स्वरसमूह दांडीवरील दुसऱ्या जागी शोधावा. ही तिसरी पायरी म्हणजे शार्ङ्गदेवाच्या नष्ट-उद्दिष्टाचीच आवृत्ती होय : नावावरून स्थान आणि स्थानावरून नाव.

५

येथे एक आक्षेप संभवतो. समान अंतरांच्या फ्रेटवर आपले स्वर यथार्थ निघतच नाहीत. मग त्यांना आपली नावे का द्यावीत? सांगलीच्या कृ. ब. देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्याही मुळाशी अशीच चिंता होती. आक्षेपात तथ्य आहे. चौतीस इंचांच्या तारेवर शुद्ध मध्यम मोकळ्या टोकापासून ८.५ इंचांवर असावा, तो फ्रेटवर सुमारे ८.५३ इंचांवर येतो. हा फरक कानास जाणवत नाही. परंतु तंबोऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गांधार ६.८ इंचांवर असावयास हवा, तो फ्रेटवर ७ इंचांच्या किंचित पुढे, म्हणजे सुमारे पाच मिलिमीटर सरकलेला आढळतो. परिणामी तो चढा लागतो. तथापि हा भेद ज्याला गांधाराचे नाव आणि स्थान ठाऊक आहे त्यालाच ऐकू येईल. ज्याला केवळ ‘चौथा फ्रेट’ ठाऊक आहे, त्याच्या लेखी तेथे कसलाच भेद नाही. तेव्हा आपली नावे या परक्या दांडीवर नेण्यात हानी नसून लाभच आहे.

सारिका, पडदा, पट्टी आणि आता फ्रेट, अशी ही शब्दांची परंपरा आहे. प्रत्येक वेळी वाद्य बदलले, शब्द बाहेरून आला, आणि अलंकारांनी नव्या दांडीची ओळख करून दिली. मुरबाडच्या त्या तरुणाने पुढच्या लग्नसराईपूर्वी सरगम म्हणत दांडी पाठ करावयास घेतली आहे. पहिल्या तारेवरचे एकवीस स्वर त्याला नावानिशी येतात. उरलेल्या तीन तारांचे काम चालू आहे.